व्हेरिकोसील: निदानापासून शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या महिन्यापर्यंत

सोनोग्राफीच्या अहवालात ‘डावीकडे ग्रेड वन व्हेरिकोसील’ एवढी एक ओळ असते आणि ती वाचून चांगल्या धडधाकट माणसाची झोप उडते. तपासणी बहुधा भलत्याच कारणासाठी झालेली असते. कंबरेत कळ आली, मूतखड्याची शंका आली, आणि मशीन फिरवता फिरवता ही ओळ कागदावर उमटली. रात्रभर मोबाइलवर शोधाशोध करून रुग्ण सकाळी ओपीडीत येतो तेव्हा त्याच्याजवळ दोन टोकांचे सल्ले असतात. एक सांगतो, ताबडतोब ऑपरेशन करा, नाहीतर मूल होणार नाही. दुसरा सांगतो, काही करू नका, अमुक तेल चोळा.

मूत्ररोग विभागात काम करताना जे एक वाक्य मला रोज कुणाला ना कुणाला ऐकवावे लागते, ते इथे आधीच सांगतो. व्हेरिकोसीलच्या, म्हणजे अंडकोशातल्या फुगलेल्या शिरांच्या, शस्त्रक्रियेचा निर्णय सोनोग्राफीच्या कागदावर होत नाही. तो रुग्णाला उभे करून हाताने केलेल्या तपासणीवर, वीर्याच्या दोन अहवालांवर, वृषणाच्या आकारावर आणि वेदनेच्या स्वरूपावर होतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या वाक्याभोवतीच रचलेल्या आहेत.

पहिली पायरी: नेमके काय बिघडले आहे ते समजून घ्यावे

शाळेच्या पुस्तकातले रोहिणी आणि नीला हे शब्द इथे मुद्दाम वापरतो, कारण रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना शिराच म्हणतो आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. वृषणाला रक्त पुरवणारी रोहिणी पोटात, मूत्रपिंडांच्या पातळीच्या आसपास उगम पावून खाली अंडकोशात उतरते. वृषणातून परतणारे रक्त नीलांच्या एका जाळ्यातून वर जाते. हे जाळे द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखे रोहिणीभोवती वेढलेले असते, आणि त्याचे लॅटिन नावही वेलीच्या तणाव्यावरूनच पडले आहे. पोटातून येणारे उष्ण रक्त खाली उतरताना भोवतीच्या नीलांमधल्या थंड रक्ताला आपली उष्णता देत येते, त्यामुळे वृषणाचे तापमान शरीरापेक्षा साधारण २ ते ४ अंश सेल्सियसने कमी राहते. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी हा थंडावा लागतो.

नीलांमधले रक्त उलटे फिरू नये म्हणून आत झडपा असतात. त्या जन्मतःच नसल्या किंवा ढिल्या पडल्या, की उभ्या माणसाच्या पोटापासून अंडकोशापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार खालच्या जाळ्यावर येतो. जाळे फुगते, वेडेवाकडे होते, आणि त्यालाच व्हेरिकोसील म्हणतात. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर ज्या निळसर गाठाळ शिरा दिसतात, त्यांचाच हा भाऊबंद.

दहापैकी नऊ रुग्णांत हा आजार डावीकडे असतो, आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे. उजव्या वृषणाची नीला तिरकस उतारावरून थेट पोटातल्या महानीलेला मिळते. डावी मात्र उजवीपेक्षा ८ ते १० सेंटिमीटर लांब असते आणि डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला काटकोनात जाऊन भिडते. शिवाय मूत्रपिंडाची ती नीला पुढे दोन रोहिण्यांच्या मधल्या अरुंद जागेतून जाते, जिथे काही जणांत ती अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी दाबली जाते. या सगळ्याचा मागचा दाब डाव्या अंडकोशावर येतो.

प्रौढ पुरुषांत शेकडा सुमारे १५ जणांना व्हेरिकोसील असते, आणि मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा ३५ ते ४० पर्यंत जाते. आजार बहुधा वयात येताना सुरू होतो. तो हस्तमैथुनाने होत नाही, संसर्गाने होत नाही, त्याचा कर्करोग होत नाही, आणि त्याने लिंगाच्या ताठरतेवर थेट परिणाम होत नाही. बसस्थानकांच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ या शब्दाखाली जे काही लिहिलेले असते, त्यातले काहीही या आजाराला लागू नाही.

दुसरी पायरी: उभे राहून तपासून घ्यावे

खोली उबदार असावी, कारण थंडीत अंडकोश आक्रसतो आणि काहीच हाताला लागत नाही. रुग्ण उभा, डॉक्टर समोर स्टुलावर. आधी नुसते पाहणे, मग बोटांनी चाचपणे, मग ‘श्वास रोखून शौचाला जोर लावतो तसा जोर लावा’ असे सांगून पुन्हा चाचपणे. जोर लावताच बोटांखाली शेवयांचा ओला गुंता सरकल्यासारखा जो भास होतो, तो एकदा कळला की विसरत नाही. मग रुग्णाला झोपवतात, आणि गुंता रिकामा होतो की नाही ते पाहतात.

या तपासणीवरून श्रेणी ठरते. जोर लावल्यावरच हाताला लागते ती पहिली श्रेणी; नुसते उभे असताना लागते ती दुसरी; कातडीतून डोळ्यांनी दिसते ती तिसरी. ही वर्गवारी १९७० सालापासून वापरात आहे. हाताला अजिबात न लागता केवळ डॉप्लर सोनोग्राफीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, दिसणाऱ्या व्हेरिकोसीलला सुप्त म्हणावे लागेल, आणि त्यावर शस्त्रक्रिया करू नये असे अमेरिकी आणि युरोपीय मूत्ररोग संघटनांच्या मार्गदर्शक तत्त्वांचे सांगणे आहे. सुरुवातीला सांगितलेल्या अहवालातली ओळ पुष्कळदा या सुप्त प्रकारातलीच निघते. अशा रुग्णाला ‘कागद घडी करून ठेवा आणि निवांत झोपा’ असे सांगताना मला आनंद होतो, आणि त्याचा चेहरा पाहिला तर त्यालाही होतो, असे समजायला हरकत नाही.

तीन गोष्टी मात्र सहज घेऊ नयेत. गुंता फक्त उजवीकडे असेल, किंवा चाळिशीनंतर एकाएकी उमटला असेल, किंवा झोपल्यावरही तसाच भरलेला राहत असेल, तर वर पोटात कुठेतरी नीलेवर दाब पडत आहे का, विशेषतः मूत्रपिंडात गाठ आहे का, हे पोटाच्या सोनोग्राफीने किंवा सीटी स्कॅनने पाहून घेतलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी या लेखाच्या विषयाबाहेरची असली तरी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. अंडकोशात अचानक असह्य कळ आली, विशेषतः मुलग्याला किंवा तरुणाला, तर ते व्हेरिकोसील समजून घरी थांबू नये. वृषणाला पीळ पडला असण्याची शक्यता असते, आणि साधारण सहा तासांत पीळ सोडवला नाही तर वृषण गमावण्याचा धोका वाढत जातो. ‘सकाळी बघू’ हे दोन शब्द इथे फार महाग पडतात.

तिसरी पायरी: वीर्याची तपासणी, आणि पत्नीची तपासणी सोबतच

लग्नाला दोन वर्षे झाली, मूल नाही, म्हणजे सुनेला डॉक्टरकडे न्यायचे, हा आपल्या घरांमधला शिरस्ता अजून गेलेला नाही. तिच्या रक्ताच्या चाचण्या होतात, सोनोग्राफी होते, गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहण्याची त्रासदायक तपासणीही होते, आणि तोवर नवऱ्याची एका बाटलीत होणारी, त्यामानाने कितीतरी स्वस्त तपासणी कुणाच्या मनातही आलेली नसते. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने, असते. वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही, आणि पत्नी पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी एकाच वेळी तपासणी सुरू करावी.

वीर्याच्या नमुन्याचे काही नियम आहेत, आणि ते पाळले नाहीत तर अहवालाला अर्थ उरत नाही. आधी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यपतन झालेले नसावे. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून आणायचा तर बाटली खिशात, अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोचवावी. साधा निरोध वापरून नमुना गोळा करू नये, कारण त्यातली रसायने शुक्राणूंना मारक ठरू शकतात. सुरुवातीचा थेंब सांडला असेल तर लाजून लपवू नये, तिथल्या तंत्रज्ञाला सांगावे, कारण पहिल्या भागातच शुक्राणू अधिक असतात. गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, मलेरिया किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगावे. एका अहवालावर विसंबू नये. काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा करावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, आणि नेहमीच्या आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा वाचून पुष्कळ जण हबकतात. अहवालात ‘९५ टक्के ॲबनॉर्मल’ असे दिसले की सर्वस्व बुडाल्यासारखे वाटते. वास्तविक शंभरातले चार चांगले असले तरी ते प्रमाण मर्यादेत बसते.

याखेरीज अंडकोशाची डॉप्लर सोनोग्राफी होते, ज्यात सहसा ३ मिलिमीटरपेक्षा रुंद नीला आणि जोर लावल्यावर उलटा जाणारा प्रवाह पाहतात. दोन्ही वृषणांचे आकारमानही मोजतात; प्रौढ वृषण साधारण १५ ते २५ मिलिलिटरचे असते. शुक्राणूंची संख्या फार कमी असेल तर एफएसएच (शुक्राणू तयार करण्याचा मेंदूकडून येणारा संदेश) आणि टेस्टोस्टेरॉन (वृषणात तयार होणारे पुरुषी संप्रेरक) या संप्रेरकांची सकाळच्या रक्तातून तपासणी सांगितली जाते.

चौथी पायरी: दुर्लक्ष केले तर काय होऊ शकते ते जाणून घ्यावे

इथे घाई करू नये, कारण निर्णयाचे मूळ इथेच आहे. आधी दिलासा: व्हेरिकोसील असलेल्या बहुसंख्य पुरुषांना कोणत्याही उपचाराविना मुले होतात. गुंतागुंत सर्वांना होत नाही. पण ज्यांना होते त्यांच्यात ती हळूहळू, वर्षानुवर्षे, न दुखता होत असते.

सर्वांत चांगली सिद्ध झालेली गुंतागुंत म्हणजे शुक्राणूंची प्रत खालावणे. साचलेल्या रक्ताने थंडाव्याची व्यवस्था मोडते आणि वृषण तापते. जळते इंधन नीट न जळता धूर व्हावा तशी पेशींमध्ये प्राणवायूची घातक संयुगे वाढतात, आणि ती शुक्राणूच्या आवरणावर व आतल्या डीएनएवर घाव घालतात. म्हणून अहवालात आधी हालचाल मंदावलेली दिसते, आकार बिघडलेले दिसतात, पुढे संख्या घटते. डीएनएचे तुकडे झालेल्या शुक्राणूंचे प्रमाण वाढलेले असेल तर संख्या बरी असूनही गर्भधारणेत अडथळा येऊ शकतो. आजार एका बाजूला असला तरी परिणाम दोन्ही वृषणांवर दिसू शकतो. ‘एक खराब झाला तरी दुसरा आहेच की’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

दुसरी गुंतागुंत वृषण आक्रसण्याची. वाढत्या वयातल्या मुलात डाव्या वृषणाची वाढ खुंटते आणि उजवे पुढे निघून जाते. मुलगा याबद्दल आईवडिलांना कधीच सांगत नाही, त्यामुळे हे शाळेच्या तपासणीत किंवा योगायोगानेच लक्षात येते. वडिलांनी हा विषय एकदा मोकळेपणाने काढावा, एवढे सुचवतो.

तिसरी, आणि वादातली, टेस्टोस्टेरॉनची. मोठ्या व्हेरिकोसीलच्या काही पुरुषांत हे संप्रेरक कमी आढळते. पण याच मुद्द्यावर एक गंभीर चूक होते: व्यायामशाळेतल्या कुणाच्या सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली जातात. बाहेरून हे संप्रेरक मिळू लागले की मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणूंची निर्मिती बंद पडण्यापर्यंत पाळी येते. मूल हवे असलेल्या पुरुषाने हे इंजेक्शन कधीही घेऊ नये, व्हेरिकोसील असो वा नसो.

चौथी वेदना. तिचे स्वरूप ठरलेले आहे: बोथट, ओढ लागल्यासारखी, संध्याकाळी वाढणारी, आडवे झाल्यावर उतरणारी. बसवाहक, वाढपी, चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस यांच्या तोंडून ‘दिवस मावळला की खाली वजन बांधल्यासारखे होते’ असे वर्णन ऐकले आहे. टोचणारी, विजेसारखी चमकणारी, मांडीत किंवा पाठीत जाणारी वेदना बहुधा दुसऱ्याच कारणाची असते, आणि अशा रुग्णाचे व्हेरिकोसील बांधून त्याची वेदना जात नाही. शस्त्रक्रिया होते, टाके सुटतात आणि दुखणे जिथल्या तिथे राहते. म्हणून वेदनेसाठी आधी काही आठवडे अंडकोशाला आधार देणारी लंगोट किंवा सपोर्टर, विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी एवढेच करून पाहावे.

पाचवी पायरी: आपण कोणत्या गटात बसतो ते ठरवावे

मूल हवे आहे, व्हेरिकोसील हाताला लागते, वीर्याचे दोन्ही अहवाल बिघडलेले आहेत, आणि पत्नीची तपासणी ठीक आहे किंवा तिच्यातला दोष सुधारण्याजोगा आहे: या चारही अटी जुळल्या तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. अहवाल चांगला असेल आणि वेदना नसेल, तर वर्ष-दोन वर्षांनी वीर्य पुन्हा तपासावे आणि बाकी विसरून जावे.

किशोरवयात दोन वृषणांच्या आकारमानात २० टक्क्यांहून अधिक फरक असेल आणि सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा मोजल्यावरही तो टिकून असेल, तर शस्त्रक्रिया सुचवतात. नुसता गुंता दिसतो म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला टेबलावर घेऊ नये.

पत्नीचे वय हा स्वतंत्र मुद्दा आहे. शस्त्रक्रियेचा परिणाम दिसायला सहा महिने ते वर्ष लागते. पत्नी सदतीस-अडतीस वर्षांची असेल आणि तिच्या बीजांडांचा साठा कमी असेल, तर ते वर्ष खर्च करायचे की टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराकडे थेट वळायचे, हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ दोघांशी बोलून ठरवावे. वीर्यात शुक्राणू मुळीच नसतील तर शस्त्रक्रियेनंतर काही पुरुषांत थोडे शुक्राणू दिसू लागतात, पण त्याआधी गुणसूत्रांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

आता भरतीची मुले. सैन्यात किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत जाण्यासाठी धावण्याचा सराव करणारा मुलगा मैदानी चाचणी पार करतो, लेखी पार करतो, आणि वैद्यकीय तपासणीत व्हेरिकोसीलवर ‘अनफिट’ ठरून घरी येतो. ओपीडीत असे तरुण नेमाने येतात, बहुधा फेरतपासणीची तारीख डोक्यावर असताना. त्यांच्यापुरता कारणाचा प्रश्न वेगळा असतो. आरोग्यासाठी नव्हे, नोकरीसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते, आणि तो निर्णय मी चूक म्हणणार नाही. सल्ला एवढाच की तयारी सुरू करतानाच अंडकोश तपासून घ्यावा, शस्त्रक्रियेनंतर किती काळ जावा लागतो हे त्या त्या दलाच्या जाहिरातीत नीट वाचावे, आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. चार दिवसांत टाके लपवून उभे राहता येत नाही.

सहावी पायरी: पद्धत निवडावी

सगळ्या पद्धतींचे तत्त्व एकच: उलटा प्रवाह आणणाऱ्या नीला बंद करायच्या, रक्त उरलेल्या छोट्या वाटांनी परतते. फरक आहे तो कुठे आणि किती बारकाईने बंद करायच्या यात. पोटाच्या खालच्या भागातून, वरच्या पातळीवर सगळे एकत्र बांधण्याची पद्धत १९४९ साली पालोमो यांनी मांडली. ती झटपट होते, पण तीत हायड्रोसील म्हणजे वृषणाभोवती पाणी साचण्याचे आणि आजार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक. दुर्बिणीतून म्हणजे लॅप्रोस्कोपीने हेच काम तीन छिद्रांतून होते. तिसरी पद्धत एम्बोलायझेशनची: मान किंवा जांघेतल्या नीलेतून बारीक नळी आत घालून, क्ष-किरणांखाली धातूची वेटोळी सोडून नीला आतूनच बुजवायची. यात काप नसतो, पण काही जणांत नळी योग्य जागी पोचत नाही, आणि हे काम करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट मोठ्या शहरांतच सापडतात.

आज सर्वाधिक पसंती सूक्ष्मदर्शकाखाली होणाऱ्या शस्त्रक्रियेला आहे. १९८५ साली मार्मर आणि सहकाऱ्यांनी जांघेच्या खालच्या बाजूने ती करण्याची पद्धत मांडली. दोन-तीन सेंटिमीटरचा काप, त्यातून वृषणाची दोरी बाहेर घेतलेली, आणि वर दहा ते पंचवीस पट मोठे करून दाखवणारे भिंग. नुसत्या डोळ्यांना जी एक गुलाबी दोरी दिसते तिच्यात भिंगाखाली एक वेगळेच गाव उलगडते: निळ्याजांभळ्या, टम्म फुगलेल्या नीला, त्यांच्या मध्ये मिलिमीटरभर जाडीची, ठेक्यात थरथरणारी रोहिणी, आणि ऊतींमधले जादा पाणी वाहून नेणाऱ्या, पाण्यासारख्या नितळ, रंगहीन लसिकावाहिन्या. रोहिणी आक्रसून लपली असेल तर ती सैल करणाऱ्या पापाव्हेरिन या औषधाचा एक थेंब टाकतात, म्हणजे ती पुन्हा ठोके देऊ लागते. छोटा डॉप्लर टेकवला की ‘हुश्श-हुश्श’ असा आवाज येतो. एकेक नीला सुटी करून बांधायची, रोहिणी राखायची, लसिकावाहिन्या राखायच्या. लसिकावाहिन्या बांधल्या गेल्या तर पाणी साचून हायड्रोसील होते, आणि रोहिणी तुटली तर वृषण आक्रसू शकते. म्हणून हा सगळा खटाटोप. भिंगाच्या पद्धतीत हायड्रोसीलचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आणि आजार उलटण्याचे प्रमाणही तितकेच कमी राहते. जुन्या उघड्या पद्धतींत आजार उलटण्याचे प्रमाण शेकडा १० ते १५ पर्यंत नोंदले गेले आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. सूक्ष्मदर्शक वापरणार का, की फक्त चष्म्यावर बसवलेली छोटी भिंगे, म्हणजे लूप? अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत? रोहिणी कशी ओळखणार? हे विचारल्याने चांगला शल्यविशारद रागावत नाही.

सातवी पायरी: तयारी आणि खर्च

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा, मधुमेह, औषधांची ॲलर्जी यांची माहिती आधी द्यावी. सहा तास उपाशी राहावे लागते. भूल बहुधा कंबरेखालची किंवा पूर्ण असते, शस्त्रक्रियेला एका बाजूस तास-दीड तास लागतो, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी घरी जाता येते. जांघेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. कातडीवर बारीक जखमा होऊन संसर्ग होतो.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांना उशिरा कळते. आरोग्य विम्याच्या पुष्कळ पॉलिसींमध्ये वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात, त्यामुळे पॉलिसीची अटींची पुस्तिका वाचून, रुग्णालयाच्या विमा कक्षातून पूर्वपरवानगी घेऊनच तारीख ठरवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून विचारावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खर्च बराच कमी येतो. तारीख मात्र थांबून मिळते.

आठवी पायरी: घरी आल्यावर

पहिले दोन दिवस विश्रांती, सपोर्टर, आणि रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे. बिछान्यात पडून राहू नये, घरात चालावे. जखम कधी भिजवायची ते डॉक्टर सांगतील तसे करावे. बैठे काम तीन-चार दिवसांत सुरू करता येते. पाण्याचा हंडा, सिलिंडर, पोते, व्यायामशाळेतली वजने यांना किमान दोन ते तीन आठवडे हात लावू नये. मोटारसायकल आणि संबंध यांनाही साधारण तेवढाच अवकाश द्यावा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण शौचाला जोर लावला की ताण नेमका तिथेच येतो.

थोडी सूज, निळसर डाग आणि जखमेभोवती बधिरपणा अपेक्षित असतो. सूज तासागणिक वाढत असेल, अंडकोश घट्ट होऊन ठणकत असेल, ताप आला, जखमेतून पू किंवा रक्त येत राहिले, तर फोनवर चर्चा करत बसू नये, रुग्णालयात जावे. काही महिन्यांनी अंडकोश हलका, पाण्याने भरल्यासारखा वाढू लागला तर ते हायड्रोसील असू शकते, आणि ते दाखवून घ्यावे.

नववी पायरी: फायद्याची वाट कशी पाहावी

एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढे बाहेर येण्याच्या प्रवासाला आणखी काही दिवस. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांनी केलेला अहवाल जुन्याच पिकाचा असतो. तो करून हताश होणारे पुष्कळ भेटतात. पहिली तपासणी तीन महिन्यांनी, दुसरी सहा महिन्यांनी, आणि गर्भ राहीपर्यंत वर्षभर दर तीन महिन्यांनी, असे वेळापत्रक ठेवावे.

योग्य निवडलेल्या रुग्णांपैकी साधारण दोनतृतीयांश जणांत वीर्याच्या अहवालात सुधारणा दिसते. संख्या, हालचाल आणि डीएनएची प्रत यांत सुधारणेचा पुरावा चांगला आहे. गर्भधारणेचा पुरावा मात्र थोडा सांभाळून वाचावा लागतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि बिघडलेला अहवाल असलेल्या पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते; वर्षभरात शस्त्रक्रियेच्या गटात ३२.९ टक्के जोडप्यांत नैसर्गिक गर्भधारणा झाली, तर नुसती वाट पाहिलेल्या गटात १३.९ टक्के जोडप्यांत. सगळ्याच चाचण्यांचे निकाल इतके स्पष्ट नाहीत, आणि ज्या जुन्या चाचण्यांत सुप्त व्हेरिकोसीलचे किंवा चांगल्या अहवालाचे पुरुषही धरले होते त्यांत फायदा फारसा दिसला नाही. शस्त्रक्रिया कुणाची करायची हे आधी नीट ठरवावे, असा माझा आग्रह आहे तो यासाठी. तिच्यानंतरही तिघांतल्या दोन जोडप्यांना वर्षभरात गर्भ राहिला नव्हता, हेही त्याच आकड्यातून वाचायचे असते.

काही वेळा फायदा दुसऱ्या वाटेने येतो. आधी फक्त इक्सी म्हणजे एकेक शुक्राणू बीजांडात टोचण्याचाच पर्याय असलेल्या जोडप्याचा अहवाल इतका सुधारतो की गर्भाशयात वीर्य सोडण्याच्या सोप्या आणि स्वस्त उपचारावर भागते. ओढ लागल्यासारखी, ठरलेल्या स्वरूपाची वेदना असलेल्या बहुतेक रुग्णांची वेदना जाते किंवा उतरते. किशोरवयात मागे पडलेले वृषण पुष्कळदा वाढ भरून काढते. टेस्टोस्टेरॉन आधी कमी असेल तर ते काही प्रमाणात वाढते, पण केवळ त्यासाठी शस्त्रक्रिया करावी इतका तो पुरावा भक्कम नाही.

दरम्यानच्या महिन्यांत तंबाखू, गुटखा आणि सिगारेट सोडावी, मांडीवर तापलेला लॅपटॉप घेऊन बसू नये, आणि हजारो रुपयांच्या ‘शुक्राणूवर्धक’ डब्यांच्या मागे लागू नये. गर्भधारणेचे प्रयत्न मात्र थांबवू नयेत. अहवाल पूर्ण सुधारल्यावरच प्रयत्न करू, असे म्हणत वर्ष घालवणारी जोडपी मी पाहिली आहेत.

पुढचे अहवाल त्याच प्रयोगशाळेत, तितक्याच दिवसांचे अंतर ठेवून करावेत, म्हणजे तुलना खरी ठरते. सहाव्या महिन्याचा कागद हातात आला की तो एकटा वाचू नये. शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून, पत्नीलाही सोबत घेऊन, डॉक्टरांपुढे तिन्ही कागद मांडावेत.